एरिया ५१ : ग्रूम तळ्याकाठी खरोखर काय लपवलं गेलं

प्रश्नाचे तीन भाग आहेत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या वाळवंटात असलेल्या एरिया ५१ या हवाई तळावर नेमकं काय चालतं? उडत्या तबकड्यांच्या गोष्टींत काही तथ्य आहे का? आणि लास व्हेगासला गेलेल्या माणसाला तो तळ लांबून तरी बघता येतो का? माझी सगळी नोकरी रडारच्या कामात गेली. एखादं विमान रडारला किती मोठं दिसतं हे मोजणं हे माझं काम होतं, आणि या विद्येतला मोठा भाग ज्या जागी घडला ती जागा म्हणजे हा तळ. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी थोडक्यात सांगतो. परग्रहावरची याने तिथे ठेवली आहेत याला कसलाही पुरावा नाही. पण लपवालपवी झालीच नाही असं मात्र अजिबात नाही. तिथे विमानं लपवली, अपघात लपवले, मेलेल्या माणसांची कामं त्यांच्या घरच्यांपासून लपवली. शिवाय एक गोष्ट अशी लपवली गेली की तिच्याबद्दल वाचताना आजही संताप येतो. तबकड्यांवर तासन् तास बोलणारे लोक तिचं नावही काढत नाहीत. ती पुढे सविस्तर सांगणार आहे.

जागेपासून सुरुवात करू, कारण जागा समजली की अर्धं कोडं सुटतं. लास व्हेगासच्या वायव्येला साधारण १३० किलोमीटरवर ग्रूम नावाचं एक कोरडं तळं आहे. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये मैलोन् मैल सपाट, उन्हानं कडक झालेली चिकणमाती. एकोणिसाव्या शतकात आजूबाजूच्या डोंगरांत शिसं आणि चांदीच्या खाणी होत्या, त्यांच्यावरून हे नाव पडलं. अशा तळ्याच्या तळाला निसर्गानंच धावपट्टी करून ठेवलेली असते. विमान कुठल्याही दिशेनं उतरवा, इंजिन बंद पडलं तरी सपाटीवर यायला जागा मिळते. नव्या विमानाची चाचणी घेणाऱ्याला यापेक्षा मोठा दिलासा नाही. शिवाय लगतच अणुचाचण्यांचं क्षेत्र होतं, म्हणजे आकाश आधीच बंद केलेलं आणि माणसं आधीच दूर ठेवलेली.

एप्रिल १९५५ मध्ये चौघे जण एका छोट्या विमानातून ही जागा बघायला आले: सीआयएचे रिचर्ड बिसेल, हवाई दलाचे कर्नल ऑस्मंड रिटलंड, लॉकहीड कंपनीचे मुख्य रचनाकार केली जॉन्सन आणि त्यांचे चाचणी वैमानिक टोनी लेव्हिअर. त्यांना यू-२ या हेरगिरी विमानासाठी जागा हवी होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या संमतीनं तो तुकडा अणुऊर्जा आयोगाच्या ताब्यातल्या क्षेत्राला जोडला गेला. एरिया ५१ हे नाव नकाशावरच्या क्रमांकाचं आहे. त्यात गूढ काही नाही. कामगारांना त्या भयाण जागी यावंसं वाटावं म्हणून जॉन्सन तिला ‘पॅराडाइज रँच’ म्हणत, आणि तिथले लोक नुसतंच ‘रँच’ म्हणू लागले.

१ ऑगस्ट १९५५ रोजी लेव्हिअर यू-२ जमिनीवर वेगात धाववून बघत होते, आणि ते विमान त्यांच्या मनात नसताना हवेत उचललं गेलं. इतके लांब पंख आणि इतकं कमी वजन होतं त्याचं. पाहुण्यांसमोरचं रीतसर उड्डाण पुढच्या आठवड्यात, ८ ऑगस्टला झालं, पण खरं पहिलं उड्डाण हेच.

आता तबकड्यांकडे येतो. त्या काळी प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवरून जायची. यू-२ साठ हजार फुटांच्याही वर उडायचं, आणि एवढ्या उंचीवर माणूस विमान उडवू शकतो हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. गणित करून बघा. वीस किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळपास साडेचार अंश खाली असतं. म्हणजे जमिनीवर सूर्य मावळून अंधार पडू लागला तरी त्या उंचीवर आणखी वीसेक मिनिटं ऊन असतं. सुरुवातीची यू-२ चंदेरी होती, रंग न दिलेली. पंधरा हजार फुटांवरच्या वैमानिकाभोवती संध्याकाळ झालेली असायची, आणि त्याच्या कितीतरी वर काहीतरी तांबूस पेटल्यासारखं चमकत जायचं. हा माणूस काही वेडा नव्हता, खोटंही बोलत नव्हता. त्यानं जे पाहिलं ते खरंच तिथे होतं.

असं काही पाहिलेल्यांची पत्रं हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ या चौकशी विभागाकडे येत. तिथले अधिकारी ती यू-२ च्या उड्डाणांच्या नोंदींशी पडताळून बघत. जुळलं तरी पत्र लिहिणाऱ्याला खरं सांगता येत नसे. मग हवामानाचा काहीतरी परिणाम वगैरे उत्तर जाई. ते उत्तर त्या वैमानिकाला पटत नसे, आणि का पटावं? अनुभवी डोळ्यांना सरकार काहीतरी थातूरमातूर सांगतंय हे त्याला कळत होतंच. सरकार लपवतंय हा त्याचा संशय बरोबर होता. काय लपवतंय याचा अंदाज तेवढा चुकला. सीआयएच्या इतिहासकारानं १९९७ मध्ये लिहिलं की पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आणि साठीच्या बहुतेक काळात आलेल्या अशा तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त या विमानांमुळे होत्या. हा हिशेब मला जरा सढळ वाटतो, कारण तक्रारी देशभरातून येत होत्या आणि विमानं मोजकी होती. पण पश्चिमेकडच्या राज्यांपुरतं बोलायचं तर कारण हेच.

या विमानाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर नेहरूंनी सीमाभागावरून यू-२ च्या टेहळणीला परवानगी दिली. ती उड्डाणं आधी थायलंडमधून झाली. मग ओडिशातल्या चारबतिया इथला दुसऱ्या महायुद्धातला जुना तळ वापरायचं ठरलं. संरक्षण खातं तेव्हा यशवंतराव चव्हाणांकडे होतं. तिथून पहिली मोहीम मे १९६४ च्या अखेरीस निघाली आणि तीनच दिवसांनी नेहरू गेले. पुढे थोडी उड्डाणं झाली आणि १९६७ मध्ये तो अध्याय संपला. गंमत म्हणजे, २०१३ साली सीआयएला ज्या कागदपत्रांतून एरिया ५१ चं अस्तित्व उघडपणे मान्य करावं लागलं, त्याच कागदपत्रांत चारबतियाचीही हकीगत होती. अमेरिकन वर्तमानपत्रांनी पहिली बातमी उचलली, आपल्याकडच्यांनी दुसरी.

या तळाची किंमत पहिल्या वर्षीच मोजावी लागली. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून कामावर येणाऱ्या लोकांचं सी-५४ विमान हिमवादळात माउंट चार्ल्सटन या डोंगरावर आदळलं. चौदाच्या चौदा जण गेले. घरच्यांना ते कुठे आणि कशासाठी निघाले होते हे सांगितलं गेलं नाही. कित्येकांच्या मुलांना ते कळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

१९५७ मध्ये शेजारच्या अणुचाचण्यांनी तळ जवळजवळ रिकामा करायला लावला. त्या वर्षी ५ जुलैला ‘हूड’ नावाचा ७४ किलोटनांचा स्फोट झाला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वातावरणात केलेला तो सगळ्यात मोठा स्फोट. ग्रूमच्या इमारतींच्या खिडक्या फुटल्या, दारं वाकली. यू-२ तोवर दुसरीकडे हलवलेली होती. त्याआधी एप्रिलमध्ये तळाला लागूनच प्लुटोनियम विखुरण्याची एक चाचणीही झालेली होती. किरणोत्सर्गाच्या भीतीनं लोक त्या भागात फिरकत नव्हते, आणि तळ चालवणाऱ्यांना ते सोयीचंच होतं.

तळाला पुन्हा जीव आला तो ए-१२ मुळे. या प्रकल्पाचं गुप्त नाव होतं ऑक्सकार्ट. बहुतांशी टायटेनियमचं बनवलेलं हे विमान ध्वनीच्या तिप्पटीहून जास्त वेगानं नव्वद हजार फुटांवरून जायचं. अमेरिकेकडे तेवढं टायटेनियम नव्हतं, म्हणून मधल्या कंपन्या उभ्या करून ते सोव्हिएत संघाकडूनच विकत घेतलं, असं लॉकहीडची माणसं पुढे सांगत. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याकडूनच धातू आणायचा. एप्रिल १९६२ मध्ये लू शाल्क यांनी ते पहिल्यांदा ग्रूमवरून उडवलं.

माझ्या धंद्याच्या दृष्टीनं मात्र त्याआधीची तीन वर्षं जास्त महत्त्वाची आहेत. १९५९ पासून ग्रूमवर विमानाचं पूर्ण आकाराचं प्रतिरूप खांबावर चढवून त्यावर रडारचे किरण सोडले जात होते. वेगवेगळ्या कोनांतून प्रतिध्वनी किती येतो ते मोजायचं, कडा बदलायच्या, पुन्हा मोजायचं. ए-१२ च्या दोन्ही बाजूंना पसरट कडा दिसतात, इंजिनांच्या वरच्या शेपट्या आत झुकलेल्या दिसतात. त्या या मोजमापांतून आल्या. हे काम जिथे रेडिओ गोंगाट कमी आहे, भोवती डोंगरांची भिंत आहे आणि जमीन सपाट आहे अशाच जागी नीट होतं. ग्रूमसारखी जागा या कामाला मिळणं म्हणजे भाग्य.

डोक्यावरून सोव्हिएत उपग्रह जाऊ लागल्यावर त्यांच्या वेळांचं पत्रक तळावर असायचं. उपग्रह यायच्या आत विमान छपरीखाली, खांबावरचं प्रतिरूप खाली. तिथे काम केलेले लोक सांगतात की उन्हात उभ्या विमानाची सावली जमिनीवर थंड ठसा ठेवते आणि अवरक्त छायाचित्रात तो आकार नंतरही दिसू शकतो, म्हणून ते कधीकधी मुद्दाम भलत्याच आकारांच्या सावल्या पाडून ठेवत. एक किस्सा अधिकृत कागदांतून बाहेर आलेला आहे. १९७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकावरच्या अंतराळवीरांनी चुकून ग्रूमचं छायाचित्र घेतलं. ती एकच जागा टिपू नये असं त्यांना बजावलेलं होतं. ते चित्र प्रसिद्ध करावं की नाही यावर वॉशिंग्टनमध्ये खात्याखात्यांत कागदोपत्री झुंज झाली.

अफवा कशा तयार होतात याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण २४ मे १९६३ चं आहे. एक ए-१२ युटा राज्यात कोसळलं. वैमानिक केन कॉलिन्स छत्रीनं सुखरूप उतरले. स्थानिक लोक एका पिकअपमधून त्यांच्याकडे आले आणि अपघाताच्या जागेकडे घेऊन जायला तयार झाले. कॉलिन्सनी त्यांना सांगितलं की विमानात अण्वस्त्र आहे, तिकडे जाऊ नका. ते घाबरून परतले. वर्तमानपत्रांना कळवलं गेलं की पडलेलं विमान एफ-१०५ हे नेहमीचं लढाऊ विमान होतं. म्हणजे एका अपघाताच्या दोन खोट्या कहाण्या, दोन्ही सरकारी. ढिगाऱ्याभोवती पहारा, तुकडा अन् तुकडा वेचून नेलेला. आजूबाजूच्या शेतकऱ्यानं हे पाहिलं तर तो काय समजेल?

१९६८ मध्ये तळावर आलेलं विमान आपल्या चांगल्या ओळखीचं आहे: मिग-२१. ऑगस्ट १९६६ मध्ये इराकी वैमानिक मुनीर रेडफा ते घेऊन इस्रायलला पळून आला. इस्रायलनं ते अमेरिकेला उसनं दिलं आणि ग्रूमवर काही महिने त्याची कसून परीक्षा झाली. वैमानिकाला मागचं आणि पुढचंही नीट दिसत नाही, कमी उंचीवर वेग वाढवला की विमान थरथरतं आणि ते वळवायचा दांडा जड होतो, पण उंचीवर ते अतिशय चपळ आहे, असे निष्कर्ष निघाले आणि व्हिएतनामवर लढणाऱ्या वैमानिकांच्या शिक्षणात ते वापरले गेले. ज्या काळात ग्रूमवर हे चाललं होतं, त्याच काळात नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ बांधली जात होती. आपल्या वैमानिकांना त्या विमानाचे गुणदोष रोजच्या उडवण्यातून कळत होते. अमेरिकेला ते कळायला एक फितूर वैमानिक आणि एक गुप्त तळ लागला. रशियन बनावटीची विमानं अमेरिकेच्या आकाशात दिसली तर कुणाला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे हाही प्रकार तबकड्यांच्या खात्यात जमा झाला असणार.

आता माझ्या आवडीचा विषय: स्टेल्थ. रडारपासून लपणं म्हणजे काय हे नीट समजून घ्या, म्हणजे एवढी गुप्तता कशासाठी होती ते कळेल. रडारनं सोडलेली लहर विमानापर्यंत जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते. त्यामुळे प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घातानं घटते. याचा अर्थ असा की शत्रूचं रडार आपल्याला जितक्या अंतरावरून पकडतं ते अंतर निम्मं करायचं, तर प्रतिध्वनी एक सोळांश करावा लागतो. अंतर दहाव्या हिश्शावर आणायचं तर प्रतिध्वनी दहा हजारांनी भागावा लागतो. किरकोळ डागडुजी करून हे होत नाही. विमान मुळातूनच वेगळ्या आकाराचं करावं लागतं.

अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत गोल चकचकीत भांड्यावर टाका: कुठूनही बघितलं तरी एक ठिपका चमकतोच. तोच झोत तिरक्या धरलेल्या सपाट आरशावर टाका: उजेड भलतीकडे जातो, तुमच्या डोळ्यांकडे काहीच येत नाही. स्टेल्थचा पहिला डाव हा होता. प्रश्न उरतो कडांचा, कारण कडेवरून लहरी सगळीकडे विखुरतात. त्यांचा हिशेब प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञानं साठच्या दशकात मांडला होता आणि मॉस्कोत तो उघडपणे छापलेला होता. तिथे कुणाला त्याचं फारसं महत्त्व वाटलं नाही. लॉकहीडमधले गणिती डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचं भाषांतर वाचलं आणि त्यावर संगणकाचा कार्यक्रम लिहिला. सत्तरच्या दशकातल्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचं गणित झेपत नव्हतं, म्हणून विमान सपाट पैलूंचंच करावं लागलं. एफ-११७ या स्टेल्थ विमानाचा तो विचित्र कंगोरेदार आकार आला कुठून, तर संगणकाच्या मर्यादेतून. भविष्यातलं यान वाटावं असा तो आकार मुळात तडजोड होती, आणि मला तर त्यामुळेच तो जास्त प्रिय आहे.

मोजणी करताना एक अडचण हटकून येते. विमानाचा प्रतिध्वनी इतका कमी होतो की ज्या खांबावर प्रतिरूप बसवलंय तो खांबच जास्त चमकू लागतो. मग आधी खांब लपवायची विद्या शिकावी लागते. या कामात आयुष्य घालवलेल्या कुणालाही विचारा, खांबाबद्दल तो विमानापेक्षा जास्त बोलेल.

‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी ग्रूमवरून उडालं. दोन बांधली होती, दोन्ही कोसळली, वैमानिक वाचले. त्यावरून एफ-११७ तयार झालं आणि जून १९८१ मध्ये तेही ग्रूमवरूनच पहिल्यांदा उडालं. नोव्हेंबर १९८८ मध्ये पेंटॅगॉननं एक धूसर चित्र दाखवून त्याची कबुली देईपर्यंत ही विमानं जवळच्या टोनोपा तळावरून फक्त रात्री उडत होती. सात वर्षं रात्री-अपरात्री वाळवंटावरून काळी, त्रिकोणी विमानं फिरत होती आणि सरकार म्हणत होतं की असं काही नाही. हेच विमान मार्च १९९९ मध्ये सर्बियात एस-१२५ क्षेपणास्त्रानं पाडलं. ते क्षेपणास्त्र आपल्या हवाई दलात पेचोरा नावानं आहे. स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे, उशिरा दिसणारं, हे ज्यांना पटत नाही त्यांना मी हे उदाहरण देतो.

या विमानाची कबुली दिल्यावर वर्षभरातच, १९८९ मध्ये, बॉब लझार नावाच्या माणसानं लास व्हेगासच्या दूरचित्रवाणीवर सांगितलं की ग्रूमच्या दक्षिणेला पपूस तळ्याजवळच्या ‘एस-४’ या जागी आपण परग्रहावरच्या यानांवर काम केलं. एरिया ५१ जगभर प्रसिद्ध झाला तो या मुलाखतीनंतर. त्याआधीचा रोझवेल प्रसंग, म्हणजे तबकडी कोसळल्याची ती प्रसिद्ध गोष्ट, १९४७ चा, न्यू मेक्सिकोतला, आणि तेव्हा ग्रूमवर तळच नव्हता. त्या दोन्हींची गाठ नंतर मारली गेली. लझार यांनी सांगितलेल्या एमआयटी आणि कॅलटेकच्या पदव्यांची नोंद त्या संस्थांकडे नाही. ती यानं ११५ क्रमांकाच्या मूलद्रव्यावर चालतात असंही ते म्हणाले. हे मूलद्रव्य २००३ मध्ये रशियातल्या दुब्ना इथे खरोखर तयार झालं, २०१६ मध्ये त्याला मॉस्कोव्हियम नाव मिळालं. त्याचे अणू सेकंदभरही टिकत नाहीत. इंधन म्हणून साठवायचं ते काय? आवर्त सारणीत ११५ वी जागा कधीतरी भरणार हे १९८९ मध्ये विज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत होतं, म्हणून त्या भाकिताचं मला विशेष वाटत नाही.

पण त्या भागात लोकांना दिवे दिसायचे, त्याचं काय? दिसायचेच. पहाटे क्षितिजावर एक तेजस्वी गोळा येतो, बराच वेळ एका जागी तरंगतो आणि मग खाली जातो, असं बघ्यांचं म्हणणं होतं. तळावरचे कामगार लास व्हेगासच्या विमानतळावरून पांढऱ्या, लाल पट्ट्याच्या बोइंग ७३७ विमानांनी रोज ये-जा करतात. सरळ तुमच्या रोखानं येणाऱ्या विमानाचा उतरतानाचा दिवा जागचा हलत नाही, फक्त मोठा होत जातो. कामावर जाणाऱ्यांचं विमान बघायला लोक थंडीत रात्र जागवत होते. त्यात लढाऊ सरावातल्या हवेत सोडलेल्या पेटत्या फ्लेअर्सची भर. तळाभोवतीच्या हवाई दलाच्या मैदानावर होणाऱ्या रेड फ्लॅग या युद्धसरावात ऑगस्ट २००८ मध्ये आपली सुखोई-३० एमकेआय विमानंही गेली होती. त्या सरावाच्या नकाशातला ग्रूमवरचा चौकोन सगळ्यांनाच बंद असतो. अमेरिकन वैमानिकही त्यात शिरले तर खैर नसते.

तबकड्यांची गोष्ट काही वेळा मुद्दाम पेरलीही गेली. वॉल स्ट्रीट जर्नलनं जून २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, १९८०च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलनं तळाजवळच्या एका बारमालकाला उडत्या तबकड्यांची बनावट छायाचित्रं दिली होती, स्टेल्थ विमानावरून लक्ष उडावं म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यानं पेंटॅगॉनच्या चौकशी पथकाला हे स्वतः सांगितलं. माझ्या क्षेत्रातल्या कुणालाही याचं फार आश्चर्य वाटलं नसेल.

आता सुरुवातीला म्हटलेली ती संताप आणणारी गोष्ट. स्टेल्थ विमानाच्या अंगावर लहरी शोषणारे लेप असतात. ते बनवताना रेझिन, द्रावकं, नाना प्रकारची रसायनं लागतात आणि त्यांचा कचरा विषारी असतो. गुप्त तळावरचा कचरा बाहेर नेला तर त्यावरून विमान कशाचं बनलंय हे कुणीतरी ओळखेल, म्हणून तो तिथेच उघड्या खंदकांत टाकून, इंधन ओतून जाळला जात होता, असं तिथल्या कामगारांनी सांगितलं. धूर त्यांच्याच अंगावर. कातडी खवल्यांसारखी फाटू लागली, श्वास लागू लागला. डॉक्टरला काय सांगायचं? कुठे काम करतो, कशाचा धूर घेतला, हे सांगणं म्हणजे गुन्हा होता. दोन कामगार वारले.

१९९४ पासून काही कामगार आणि त्या दोघांच्या विधवा न्यायालयात लढल्या. कामगारांनी नावं उघड न करता दावा केला. वकील होते प्राध्यापक जोनाथन टर्ली. मागणी पैशांची नव्हती. काय जाळलं ते सांगा, म्हणजे उपचार होतील, आणि हे जाळणं बंद करा, एवढंच. सरकारनं त्या तळाचं नावसुद्धा न्यायालयात मान्य करायला नकार दिला. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून ‘नेवाडातल्या ग्रूम तळ्याजवळचं हवाई दलाचं ठिकाण’ पर्यावरण कायद्याखालची माहिती उघड करण्यापासून मुक्त केलं. दावा फेटाळला गेला, १९९८ मध्ये वरच्या न्यायालयानंही तेच केलं आणि सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. पर्यावरण खात्यानं तळाची तपासणी केली हे दाव्याचं एकच फळ, पण तिचा अहवाल गुप्त राहिला.

मी स्वतः गुप्त कामाचे नियम पाळलेला माणूस आहे. विमानाचा आकार, लेपाचं सूत्र, मोजमापाचे आकडे लपवायलाच हवेत, यात माझ्या मनात शंका नाही. पण आजारी माणसाच्या फुप्फुसात काय गेलं ते त्याच्या डॉक्टरला बंद दाराआड सांगता येत होतं. त्यासाठी विमानाचा एकही आकडा द्यावा लागला नसता. ते केलं नाही, आणि तोच गुप्ततेचा कायदा ढाल म्हणून पुढे केला. या तळाबद्दल कुणी मला विचारलं की मी ही हकीगत सांगितल्याशिवाय सोडत नाही. तबकडीच्या बातमीला जगभर प्रेक्षक मिळतो. या विधवांच्या दाव्याला त्याच्या शतांशानंही मिळाला नाही.

पुढचं भराभर सांगतो. मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या चौकशी विभागानं जुने दावे तपासून परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नसल्याचं जाहीर केलं. त्याआधी, २० सप्टेंबर २०१९ ला सगळ्यांनी मिळून तळावर धडक मारू या, अशा फेसबुकवरच्या एका विनोदी आवाहनाला वीस लाखांवर लोकांनी ‘येतो’ म्हटलं. प्रत्यक्षात त्या भागात दोनेक हजार जमले, फाटकापाशी शे-दीडशे, आणि सगळे हसत-खेळत घरी गेले. तळ आजही चालू आहे, नवे हँगर उपग्रहचित्रांत दिसतात. नवी विमानं तिथे उडत असणार.

राहिला प्रश्न बघण्याचा. ९३ क्रमांकाच्या महामार्गानं अलामोपर्यंत जा, पेट्रोल आणि पाणी तिथेच भरून घ्या. पुढे ३७५ क्रमांकाचा रस्ता लागतो. राज्य सरकारनं १९९६ मध्ये त्याला ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’ असं नावच दिलं. रेचल हे पन्नासेक वस्तीचं गाव त्यावर आहे, तिथे खायला मिळतं. ग्रूम तळ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पाट्या दिसल्या की थांबा. पलीकडे एक पाऊलही टाकू नका, टेकडीवरच्या गाडीतून तुमच्यावर नजर असते आणि अटक होते. पूर्वी फ्रीडम रिज आणि व्हाइट साइड्स या टेकड्यांवरून तळ छान दिसायचा. १९९५ मध्ये त्या सरकारनं बंद केल्या. आता उरलंय टिकाबू शिखर, तळापासून चाळीसहून जास्त किलोमीटरवर. चढण दमवणारी आहे, वर पाणी नाही. पहाटे पोहोचा, कारण ऊन तापलं की हवा थरथरते आणि दुर्बिणीतून काहीच धड दिसत नाही. दिसेल ते म्हणजे काही हँगर, धावपट्टी आणि पांढरी विमानं.

एकच दिवस हाताशी असेल तर मी टिकाबू सोडून माउंट चार्ल्सटनच्या पायथ्याला जायला सांगेन. लास व्हेगासपासून तासाभराच्या आत तिथलं पर्यटक केंद्र आहे आणि तिथे १९५५ च्या त्या चौदा जणांचं स्मारक आहे. आणि विमानच बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या पामडेलला जा. ग्रूमवरून एप्रिल १९६२ मध्ये उडालेलं पहिलं ए-१२ तिथल्या उघड्या मैदानात उभं आहे. समोर उभे राहून त्याच्या बाजूच्या पसरट कडा आणि आत झुकलेल्या शेपट्या नीट बघा. लास व्हेगासहून गाडीनं चार तासांच्या आत पोहोचता.